चार दिशांना टाकलेल्या कण्या

पांघरुणं घेतलीत का सगळ्यांनी? पाय आत घ्या. राजाराणीची गोष्ट आज नको. ज्या घरात राजा नव्हता, राणी नव्हती आणि दिवाही रोज लागत नव्हता, अशा घराची आज सांगते. मधून मधून हुंकार द्यायचा, बरं का. हुंकार थांबला की मी समजेन.

तर नदीकाठी एक गाव होतं. गावाच्या शेवटाला बांबूचं बेट होतं. त्या बेटाच्या सावलीत एक खोपटं होतं आणि त्या खोपटात ठकू राहायची. एवढीशी होती. तुमच्यातल्या मधलीएवढी. तिचा बाप भिवा बुरूड आणि आईचं नाव तान्ही.

भिवाच्या हाताला फार गुण होता. ओल्या बांबूच्या कामट्या त्याच्या बोटांतून पाण्यासारख्या वळायच्या. सूप म्हणा, रोवळी म्हणा, फुलांची परडी म्हणा, बघत राहावं असं विणायचा. पण त्याची एक खोड होती. टोपली विणून वरपर्यंत आली, आता फक्त काठ बांधायचा राहिला, की त्याच्या कानावर काहीतरी पडायचं. लांब कुठेतरी ढोल वाजायचा. नाहीतर लमाणांचे बैल घुंगरं वाजवत रस्त्याने जायचे. मग भिवा हातातली कामटी खाली ठेवायचा. "आलोच हं ठके," म्हणायचा. आणि जायचा. कधी दिवेलागणीला परत यायचा, कधी पंधरवडा उलटून जायचा. काठ राहिला तो राहिलाच.

आता काठाशिवाय टोपली काय कामाची? जरा काही भरायला जावं, की कामट्या सुटतात, सगळं सांडतं. कोण घेणार विकत? म्हणून ठकूच्या घरात जिकडेतिकडे टोपल्याच टोपल्या, आणि एकाही टोपलीत काही नाही.

आणि आई? आई आभाळासारखी होती. एखाद्या सकाळी लख्ख उघडायची. ठकूला पुढ्यात घेऊन तिची वेणी घालायची, ओव्या म्हणायची, अंगण सारवून त्यावर बोटांनी कमळं काढायची. दुसऱ्या सकाळी भिंतीकडे तोंड करून निजायची ती उठायचीच नाही. चूल थंड. ठकू म्हणायची, "आई, भूक लागली." आई म्हणायची, "हो गं, उठते." आणि उठायची नाही. मग भिवा आला की दोघांचं भांडण व्हायचं, आणि ठकू सगळ्यांत मोठ्या डालग्याखाली जाऊन बसायची. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची मोठी टोपली. आतून तिला सगळं जग चौकटी-चौकटींचं दिसायचं.

वाईट होती का ती दोघं? नाही रे राजा, वाईट नव्हती. त्यांना घर धरून ठेवता येत नव्हतं, एवढंच. पण एवढ्यानेच पोर उपाशी राहतं, हेही तितकंच खरं.

पण गंमत ऐका. ठकू पुढे म्हातारी झाली, तोंडाचं बोळकं झालं, तरी तिला त्या घरातले उपास आठवायचे नाहीत. आठवायचा तो ओल्या बांबूचा वास. आणि आठवायची एक संध्याकाळ. त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे, पण बा घरात होता आणि आई उठलेली होती. दोघंही एकदम. आईने कण्यांची पेज केली. कण्या म्हणजे तांदूळ कांडताना तुटतात ते तुकडे, माहीत आहे ना? त्या पेजेत चुकून हळद जास्त पडली. बा म्हणाला, "तान्हे, आज नवरदेवासारखी हळद लावलीस का पेजेला?" आणि आई अशी हसली, अशी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाने एक छोटी परडी उपडी करून ठकूच्या डोक्यावर मुकुटासारखी ठेवली. बस, एवढंच. पण ती पिवळी पेज ठकूला जन्मभर पुरली.

मग श्रावण आला. आणि श्रावण येता येता घरात मोठं भांडण झालं. कशावरून, ते ठकूला कळलंच नाही. डालग्याखाली नीट ऐकू येत नाही ना. एवढंच दिसलं, की बा एका वाटेने निघून गेला आणि थोड्या वेळाने आई दुसऱ्या वाटेने गेली. आई जाताना दारात थांबली होती. "ठके, मी जरा माहेरी जाऊन येते," म्हणाली. पण कधी येते ते म्हणाली नाही.

एक दिवस गेला, दुसरा गेला. ठकूला सवय होती. ती सकाळी उठायची, जिथे बायका उखळात भात कांडायच्या तिथे जायची, अंगण झाडून द्यायची. खाली सांडलेल्या कण्या बायका तिच्या ओच्यात टाकायच्या. त्या घरी आणून ती मडक्यात ठेवायची आणि रोज थोड्या शिजवायची. आणि उरलेला दिवस काय करायची? बाच्या टोपल्यांना काठ बांधायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं, बाचं बघून बघून बांधायची. काठ वेडेवाकडे यायचे, बोटं कापायची. पण तिला वाटायचं, बा येईल तेव्हा त्याला म्हणायचं, "बघ, तुझं राहिलेलं मी केलं."

शेजारी सगुणाकाकू राहायच्या. त्यांच्याकडे तेलाचा घाणा होता. जिभेने तिखट आणि हाताने मऊ अशी बाई. रोज संध्याकाळी पळीभर तेल आणून ठकूच्या पणतीत ओतायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्या आईबापाला काही सांगायची सोय नाही. तू तरी उजेडात बस." 

श्रावणातला पहिला शुक्रवार आला. सगुणाकाकूंनी भिंतीवर गंधाने जिवती काढली. दोघी जिवत्या, एक थोरली आणि एक धाकटी, मांडीवर लेकरं, खांद्यावर लेकरं, शेजारी पाळणा. आघाड्याची आणि दूर्वांची माळ घातली, पुरणाचे दिवे केले. मग लहान मुलांना पाटावर बसवलं आणि एकेकाला ओवाळलं. ठकू दाराशी उभी राहून बघत होती. तिला अजून कुणी ओवाळलं नव्हतं, म्हणून पाटावर बसून मान कशी ठेवायची असते, ते ती नीट बघून घेत होती.

आणि मग काकूंनी एक नवलच केलं. त्यांचा थोरला मुलगा बैलांवर तेल लादून दूर देशी गेला होता. तो तर घरी नाही. म्हणून काकूंनी हातात अक्षता घेतल्या, अंगणात उभ्या राहिल्या आणि चारी दिशांना टाकल्या. म्हणाल्या, "असशील तिथे सुखी राहा."

ठकूने विचारलं, "काकू, त्या अक्षता कुठे जातात?"

"जिवती पदरात झेलते गं. आणि ज्याच्या त्याच्या डोक्यावर नेऊन टाकते."

"कितीही लांब?"

"लांब-जवळ माणसांना. तिला काय?"

ठकू तशीच घरी पळाली. तिने मनाशी काय धरलं, सांगू? जे घरी आलं नाही, त्याच्यासाठी अक्षता टाकायच्या. आणि तिच्या घरी तर दोघं आली नव्हती. मग तिने मडक्यातल्या मूठभर कण्या काढल्या. हळद लावली. जरा जास्तच लागली. अंगणात उभी राहिली आणि चारी दिशांना टाकल्या. म्हणाली, "बा, आई, असाल तिथे सुखी राहा." आणि मग हळूच म्हणाली, "आणि मग घरी या."

त्या दिवशी ती निम्मी पेज प्यायली. आणि दाराकडे तोंड करून झोपली.

कुणी आलं नाही.

आलं कोण? पाटलीणबाई आल्या. गावच्या पाटलांची बायको. घर भरलेलं, गोठा भरलेला, पण पोटी लेकरू नाही. मायाळू होत्या हो. त्यांनी टोपल्या बघितल्या, मडकं बघितलं, ठकूची बोटं बघितली. म्हणाल्या, "बाळ, अशी एकटी नको राहूस. माझ्याकडे चल. माझी लेक होऊन राहा. हे खोपटं आपण कुणा गरजूला देऊन टाकू."

ठकू म्हणाली, "मी आले आणि मग ते घरी आले, तर दार कोण उघडणार?"

पाटलीणबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्या म्हणाल्या, "बरं. श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत वाट बघ. तोवर आले तर उत्तम. नाही आले, तर दिवेलागणीला मी तुला न्यायला येईन. मग मात्र हट्ट करायचा नाही."

ठकूने मान हलवली. तोंडातून शब्द दिला की तो पाळायचा असतो, हे तिला कुणी शिकवलं होतं देव जाणे. आईबापाने तर नव्हतं.

जागे आहात ना? हं.

इकडे जिवतीच्या घरी काय झालं ते ऐका. शुक्रवार संपला की दोघी जिवत्या पदर झटकून अक्षता निवडायला बसायच्या. ही अमकीच्या लेकाची, ही तमकीच्या लेकीची. निवडता निवडता थोरलीचा हात थांबला.

"अगं बाई, हे काय? ह्या तर कण्या. तुटका तांदूळ अक्षतांना चालतो का कधी? आणि हळद किती ती."

धाकटीने कण्या उचलून वास घेतला. "लेकराचा हात दिसतोय."

"कुणाच्या लेकरासाठी?"

"लेकरासाठी नाही. लेकराने आईबापासाठी टाकल्यात."

"म्हणजे सगळं उलटंच की," थोरली म्हणाली. "आईने लेकरासाठी टाकायच्या. इतकी वर्षं तशीच रीत आहे. दे टाकून समुद्रात."

धाकटी म्हणाली, "ताई, पदरात पडलं ते पडलं. आपण पदर पसरतो तेव्हा हात कुणाचा ते बघून पसरतो का?"

थोरलीने नाक मुरडलं. पण तीही दोन लेकरं मांडीवर घेऊन बसलेली बाई होती. "जा बाई," म्हणाली. "तुला काय करायचं ते कर."

मग धाकटी निघाली. भिवा तेव्हा एका डोंगरापलीकडच्या जत्रेत डोंबाऱ्यांच्या मागे ढोल वाजवत होता. धाकटीने त्याच्या मुंडाशावर कण्या टाकल्या. त्याने मुंडासं काढून झटकलं. "धूळ फार झाली बाबा," म्हणाला आणि पुन्हा वाजवायला लागला. तान्ही माहेरी गेली होती खरी, पण भावजयीने दारातच पाण्याचा तांब्या दिला, आत काही बोलावलं नाही. म्हणून ती नदीच्या उतारावर जाऊन बसली होती. तिथल्या नावाड्याच्या बायकोला मासे निवडून द्यायची आणि बाकी वेळ पाण्याकडे बघत राहायची. तिच्या गालावर कण्या लागल्या. तिने पदराने गाल पुसला आणि पाण्याकडे बघत राहिली.

दुसरा शुक्रवार आला. ठकूने पुन्हा मूठभर कण्या काढल्या. पण ह्या वेळी सगुणाकाकूंनी कुंपणावरून बघितलं.

"काय गं ठके, काय चाललंय?"

ठकूने सांगितलं. काकू आधी हसल्या. "अगं वेडे, असं नसतं ते. आईने लेकरासाठी टाकायच्या असतात. आणि तांदूळ अख्खा लागतो, तुटका चालत नाही."

ठकूची मूठ तशीच राहिली. खाली बघत ती म्हणाली, "आईच घरी नसली तर मग कुणी टाकायच्या?"

काकूंचं हसू तिथेच थांबलं. त्या घरात गेल्या आणि वाटीभर अख्खे तांदूळ घेऊन आल्या. "हे घे. निदान हे तरी टाक."

पण ठकू म्हणाली, "नको काकू. आमच्याकडे कण्याच असतात. तांदूळ पडले तर त्यांना कळायचं नाही कुणाचे ते."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "घाण्याच्या धुराने मेलं डोळ्यांत पाणीच येतं." घाण्याला कुठला आला धूर, सांगा बरं.

त्या शुक्रवारच्या कण्या धाकट्या जिवतीने जपून नेल्या. भिवाच्या मुंडाशाच्या घडीत नेऊन खोचल्या, झटकता येऊ नयेत म्हणून. आणि तान्हीच्या पदराच्या गाठीत बांधल्या. तान्हीला त्या दिवशी कुठून तरी हळदीचा वास आला. तिने मासे निवडायचे थांबवले. इकडेतिकडे बघितलं. मग पुन्हा मान खाली घातली. अजून वेळ आली नव्हती, बरं का.

तिसऱ्या शुक्रवारपर्यंत पावसाची झड लागली. कांडप बंद, त्यामुळे नव्या कण्या नाहीत. मडक्यात हात घातला तर तळाशी एवढ्याशा कण्या. चिमूटभर. शिजवल्या तर पोटात काहीतरी जाईल. टाकल्या तर काही नाही.

ठकू मडक्याकडे बघत बसली. तिच्या पोटात कावळे ओरडत होते. कुणीही म्हटलं असतं, खा बाई. मीही म्हटलं असतं. पण तिला ती पिवळी पेज आठवली, आणि आईच्या डोळ्यांत हसून हसून आलेलं पाणी. तिने त्या चिमूटभर कण्यांना हळद लावली आणि भर पावसात अंगणात जाऊन चारी दिशांना टाकल्या. ह्या वेळी ती "सुखी राहा" म्हणायचं विसरली. नुसतं म्हणाली, "या ना."

ती आत येते तो चुलीपाशी केळीच्या पानावर गरम भाकरी आणि वर गुळाचा खडा. सगुणाकाकू मागच्या दाराने येऊन ठेवून गेल्या होत्या. का जिवतीने ठेवली? ठकू म्हातारपणी म्हणायची, दोघींचं काम एकच होतं, मी कशाला विचारू.

आता तिकडे काय झालं? तो शेवटचा चिमूटभर दाणा घेऊन धाकटी निघाली, तर थोरली म्हणाली, "थांब, आज मीही येते. लेकराने पोटचा घास टाकलाय. हा मला नाही टाकवत समुद्रात."

आणि मग नवल झालं. तुटका दाणा कधी रुजत नाही. कुठल्याही शेतात जाऊन विचारा. पण त्या पावसात भिवाच्या मुंडाशातल्या कण्या रुजल्या. सकाळी उठून बघतो तो डोक्यावर हिरवागार भाताचा कोंब. जत्रेतली पोरं टाळ्या पिटायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "पाव्हणं, लावणी डोक्यावरच उरकलीत का? आता राखणीला बुजगावणं कुठे उभं करणार?" भिवाने कोंब उपटायला हात लावला आणि त्याच्या बोटांना हळद लागली. पिवळी. त्याने बोट नाकाशी नेलं. आणि त्याच्या हातातली टिपरी खाली पडली.

"नवरदेवासारखी हळद लावलीस का," तो पुटपुटला. आणि मग म्हणाला, "पोर एकटी आहे."

नदीच्या उतारावर तान्हीच्या पदराच्या गाठीतूनही असाच कोंब वर आला होता. तिने गाठ सोडली. आत तुटक्या कण्या, प्रत्येक कणीला मूळ फुटलेलं. नावाड्याची बायको म्हणाली, "अगं, कणीला कधी मोड येतो का?" तान्ही म्हणाली, "माझ्या लेकीच्या हाताला येतो." आणि उभी राहिली. कितीतरी दिवसांनी ती कुणी न सांगता उभी राहिली होती.

पण घराची वाट कुठली? पावसाने ओढे फुगलेले, वाटा बुजलेल्या. तर त्या कोंबांचं असं, की वारा कुठूनही येवो, ते एकाच बाजूला झुकायचे. घराच्या बाजूला. भिवा डोक्यावर हात ठेवून कोंब कुठे झुकलाय ते चाचपायचा आणि चालायचा. वाटेत एकदा ढोल वाजला. भिवाचा पाय थांबला. खोटं कशाला सांगू, थांबला. मग त्याने दोन्ही कानांत बोटं घातली आणि पुढे गेला. तान्हीलाही वाटेत एका देवळात वाटलं, इथेच भिंतीकडे तोंड करून निजावं. ती निजलीसुद्धा थोडी. मग कोंब तिच्या हनुवटीला टोचला आणि ती "हो गं, उठते," म्हणाली. आणि ह्या वेळी खरंच उठली.

शेवटचा शुक्रवार उजाडला. दुपार झाली, दिवस कलला. पाटलीणबाई आल्या. नवा परकर आणला होता, जांभळा, जरीच्या काठाचा. दारात बैलगाडी उभी. म्हणाल्या, "चल बाळ."

ठकूच्या हातात बाची शेवटची टोपली होती. बाकी सगळ्यांना काठ बांधून झाले होते. ती म्हणाली, "एवढा काठ बांधून होईपर्यंत थांबता का?"

"बांध," पाटलीणबाई म्हणाल्या आणि उंबऱ्यावर टेकल्या.

मग ठकू काठ बांधायला लागली. हळूहळू बांधायची, लबाड. एक वेढा घालायची, दोन उकलायची. पाटलीणबाईंना सगळं दिसत होतं, पण त्या मुद्दाम बैलांकडे बघत बसल्या. सगुणाकाकू त्यांच्या अंगणात पुरणाचे दिवे वळत होत्या आणि वळलेला दिवा पुन्हा मोडून पुन्हा वळत होत्या. कुणालाच ती दिवेलागण नको होती.

पण काठ तो किती, एवढासा. शेवटी एक वेढा राहिला. शेवटचा वेढा ओढून घट्ट करायचा असतो आणि तो काही केल्या ठकूला ओढला जाईना. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं.

तेवढ्यात मागून एक हात आला. त्याने काठ धरला. ओरखडलेला, चिखलाने भरलेला, पिवळ्या बोटांचा हात.

"काठाला एकटीचा हात पुरत नाही गं ठके," बा म्हणाला. "एकाने धरायचं, दुसऱ्याने ओढायचं. मी धरतो. तू ओढ."

ठकूने ओढलं. काठ बसला. मग तिने मागे वळून बघितलं. बाच्या डोक्यावर भाताचा कोंब डुलत होता. आणि त्याच्या मागे, दाराच्या बाहेर, आई उभी होती. गावाबाहेरच्या चिंचेखाली दोघांची गाठ पडली होती म्हणे. तान्ही म्हणाली होती, "तुमच्या डोक्यावर काय हे?" भिवा म्हणाला होता, "तुझ्या पदरात आहे तेच." मग दोघं मिळून चालत आली होती.

आईचा पाय मात्र उंबऱ्याच्या आत येईना. लाजली होती ती. पाटलीणबाई उंबऱ्यावरून बाजूला सरल्या. ठकू उठली, दार तर उघडंच होतं, तरी ते आधी लोटून घेतलं आणि मग पुन्हा उघडलं. "ये," म्हणाली. दार उघडायचं काम तिचं होतं ना, तिने ते सोडलं नाही.

मग सगुणाकाकू ताम्हन घेऊन आल्या. "घे तान्हे. शुक्रवार आहे. ओवाळ पोरीला."

ठकू पाटावर बसली. मान कशी ठेवायची ते तिला माहीत होतं. आईने ताम्हन हातात घेतलं. ती हळूच म्हणाली, "काकू, काय म्हणायचं असतं? मला येत नाही."

"आईला सुचेल ते म्हणायचं."

तान्हीने लेकीच्या तोंडावरून दिवा ओवाळला. आणि म्हणाली, "मी आले."

मग पाटलीणबाई उठल्या. गाडीकडे निघाल्या. ठकूने त्यांचा पदर धरला. "तुम्ही नाही ओवाळणार?" त्या तोंडावर हात ठेवून खाली बसल्या. मग त्यांनीही ओवाळलं, सगुणाकाकूंनीही ओवाळलं. ज्या पोरीला कधी कुणी ओवाळलं नव्हतं, तिला एका संध्याकाळी तिघींनी ओवाळलं. परकर पाटलीणबाईंनी परत नेला नाही. म्हणाल्या, "माहेरी यायला लागेल ना तुला. शुक्रवारी येत जा."

मग सगळं चांगलं झालं का? झालं. पण एका दिवसात नाही, बरं का. ढोल वाजला की भिवाचे कान अजूनही टवकारायचे. पण तो आधी काठ बांधायचा आणि मग उठायचा, आणि जाताना ठकूला नाहीतर तान्हीला सांगून जायचा, कुठे आणि कधी परत. तान्हीचं आभाळ अजूनही अधूनमधून भरून यायचं. पण तशा सकाळी ती उठून कुंपणापर्यंत जायची आणि म्हणायची, "काकू, आज माझ्याच्याने होत नाही. आज पोरीला तुम्ही बघा." एवढं म्हणता यायला लागलं आणि ठकू कधी उपाशी राहिली नाही. टोपल्या विकल्या गेल्या. ठकूने बांधलेले वेडेवाकडे काठ सुटले नाहीत, भिवा गिऱ्हाइकाला दाखवून सांगायचा, "हा माझ्या लेकीचा हात."

आणि ते कोंब? ते दारापुढच्या चिखलात लावले. दिवाळीच्या सुमाराला त्यांना लोंब्या आल्या. दाणे सोलून बघितले, तर एकूण एक अख्खे.

तेव्हापासून त्या गावात श्रावणी शुक्रवारी आईने अक्षता टाकून झाल्या की वाटीतल्या उरलेल्या लेकरं टाकतात. जे कुणी मोठं माणूस बाहेर असेल, वाट चुकलं असेल, त्याच्यासाठी. थोरली जिवतीही आता त्यांचा वेगळा वाटा करून ठेवते. धाकटीला विचारत नाही.

हुंकार कुणाचाच येत नाही वाटतं. एकच येतोय, तोही अर्धा. असू दे. तुझाही बा बाहेरगावी आहे, माहीत आहे मला. उद्या शुक्रवारच आहे. वाटीत तुझ्यासाठी अक्षता ठेवीन, हळद जास्त लावून. आता डोळे मीट. दार मी नुसतंच लोटलंय, कडी घातली नाही.